व्यर्थ ठिणगी प्रज्वलन प्रणाली : कार्यतत्त्व आणि ‘अपव्यया’चे स्वरूप

बीजसंज्ञा : अंतर्ज्वलन इंजिन, इग्निशन कॉइल, विद्युतचुंबकीय प्रवर्तन, पाशेनचा नियम, व्यर्थ ठिणगी

प्रस्तावना

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण पेटविण्यासाठी विजेची ठिणगी लागते, ही बाब शालेय अभ्यासक्रमापासून सर्वांच्या परिचयाची आहे. ही ठिणगी योग्य सिलिंडरमध्ये आणि योग्य क्षणी पडली पाहिजे, हेही ओघानेच आले. असे असताना विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मोटारगाड्यांमध्ये अशी एक प्रज्वलन प्रणाली मोठ्या प्रमाणावर रूढ झाली, की जिच्यात पडणाऱ्या दर दोन ठिणग्यांपैकी एक ठिणगी जेथे पेटण्याजोगे काहीच नाही अशा ठिकाणी पडते. इंग्रजी अभियांत्रिकी वाङ्मयात तिला ‘वेस्टेड स्पार्क’ असे नाव मिळाले. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘व्यर्थ ठिणगी’ ही संज्ञा योजिली आहे. मात्र सर्व गैरसमजाचे मूळ या नावातच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पदवीच्या वर्गात विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकविताना उपयोजनाचे उदाहरण म्हणून इग्निशन कॉइलचा उल्लेख होतो. व्यर्थ ठिणगीचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, अर्धी ऊर्जा वाया घालवणारी यंत्रणा कंपन्यांनी स्वीकारलीच कशी?” प्रश्न रास्त आहे, पण त्यातील ‘अर्धी’ हे विशेषण चुकीचे आहे आणि ‘वाया’ हा शब्द निदान अपुरा आहे. ही प्रणाली थोडी ऊर्जा खर्च करून त्या बदल्यात एक माहिती मिळविण्याचा खटाटोप टाळते. ती माहिती कोणती, ती टाळता कशी येते आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत प्रत्यक्षात कोठे पडते, याचे विवेचन करणे हा या लेखाचा हेतू आहे. वाणिज्य अथवा कला शाखेच्या अध्यापकांसही विषय आकळावा, यासाठी गणित अंकगणितापुरतेच ठेवले आहे.

एक चक्र, दोन आवर्तने

फोर स्ट्रोक इंजिनाचे कार्यचक्र चूषण, संपीडन, शक्ती आणि निष्कासन अशा चार टप्प्यांचे असते. प्रत्येक टप्प्यात दट्ट्या सिलिंडरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो व तेवढ्यात क्रँकशाफ्टचे अर्धे आवर्तन होते. म्हणजे एका पूर्ण चक्रासाठी क्रँकशाफ्टची दोन आवर्तने, अर्थात ७२० अंश लागतात. या काळात दट्ट्या दोनदा माथ्यावर येतो. एकदा संपीडनाच्या अखेरीस, जेव्हा ताजे मिश्रण दाबले जाऊन पेटण्यास सिद्ध असते. आणि दुसऱ्यांदा निष्कासनाच्या अखेरीस, जेव्हा जळलेला वायू बाहेर ढकलून झालेला असतो. ठिणगी हवी असते ती पहिल्या वेळी.

आता केवळ क्रँकशाफ्टकडे पाहून या दोन वेळा वेगळ्या ओळखता येतील काय? येणार नाहीत. आधुनिक इंजिनात क्रँकशाफ्टसोबत फिरणारे एक दातेरी चक्र असते. प्रचलित रचनांपैकी एकीत त्यावर साठ दातांची जागा असून त्यांतील दोन दात मुद्दाम वगळलेले असतात. उरलेल्या ५८ दातांसमोर बसविलेला संवेदक दर सहा अंशांना एक स्पंद देतो आणि वगळलेल्या दातांची पोकळी समोरून जाताच एक आवर्तन पूर्ण झाल्याचे कळते. दट्ट्या कोठे आहे हे अशा रीतीने अंशापर्यंत कळते. परंतु तो संपीडनात आहे की निष्कासनात, हे मात्र कळत नाही. कारण पोकळी दोन्ही आवर्तनांत तशीच्या तशी येते. ‘पहिले आवर्तन की दुसरे?’ या प्रश्नाचे होय किंवा नाही इतकेच उत्तर हवे असते. माहितीशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर इंजिनाला एका बिटची उणीव असते.

ही उणीव भरून काढण्याचे काम अनेक दशके डिस्ट्रिब्युटरने केले. चार्ल्स केटरिंग यांनी अमेरिकेत विकसित केलेली व १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत आलेली बॅटरी-कॉइल प्रणाली पुढे जगभर रूढ झाली. तिच्यात कॉइल एकच असते आणि डिस्ट्रिब्युटरमधील फिरता हात कॉइलकडून आलेला उच्च दाबाचा प्रवाह क्रमाक्रमाने एकेका प्लगकडे वळवतो. हा हात कॅमशाफ्टच्या गतीने, म्हणजे क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. दोन आवर्तनांत त्याची एकच फेरी होत असल्याने हरवलेला बिट त्याच्या फिरण्यातच सामावलेला असतो.

या सोयीची किंमतही असते. फिरता हात आणि टोपीतील अग्रे यांच्यामधील फट ठिणगीलाच ओलांडावी लागते. अग्रे जळतात, सी.बी. पॉइंट झिजतात, ठिणगीची वेळ सरकते. कोकणातल्या पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरून गाडी सकाळी सुरूच न होण्याचा अनुभव जुन्या गाडीमालकांना नवा नाही. याहून मूलभूत अडचण वेळेची आहे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ६,००० आवर्तने करत असेल तर मिनिटाला १२,००० म्हणजे सेकंदाला २०० ठिणग्या लागतात. एकट्या कॉइलला दोन ठिणग्यांमध्ये जेमतेम ५ मिलिसेकंद मिळतात. त्यातच ठिणगी पडून संपायची आणि कॉइलमध्ये प्रवाह पुन्हा वाढायचा. वेगवान इंजिनात ठिणगी दुबळी होत जाण्याचे हे एक प्रमुख कारण होते.

एका वेटोळ्याची दोन टोके

सरळ रांगेत चार सिलिंडर असलेल्या नेहमीच्या इंजिनात पहिला व चौथा दट्ट्या जोडीने वरखाली होतो आणि दुसरा व तिसरा जोडीने. प्रज्वलनाचा क्रम बहुधा १-३-४-२ असा असतो. याचा अर्थ पहिला सिलिंडर संपीडनाच्या माथ्यावर असताना चौथा निष्कासनाच्या माथ्यावर असतो आणि बरोबर एका आवर्तनानंतर या भूमिका उलटतात. व्यर्थ ठिणगी प्रणालीत अशा प्रत्येक जोडीसाठी एक, याप्रमाणे चार सिलिंडरांना दोन कॉइल असतात.

सामान्य कॉइलमध्ये दुय्यम वेटोळ्याचे एक टोक प्लगकडे जाते. व्यर्थ ठिणगीच्या कॉइलमध्ये दुय्यम वेटोळे प्राथमिक वेटोळ्यापासून विद्युतदृष्ट्या संपूर्ण अलग ठेवलेले असते. त्याचे एक टोक पहिल्या सिलिंडरच्या प्लगला आणि दुसरे टोक चौथ्याच्या प्लगला जोडतात. परिपथ असा पूर्ण होतो : एका टोकापासून पहिला प्लग, तेथील फट, इंजिनाचा धातूचा सांगाडा, चौथ्या प्लगची फट आणि परत दुसरे टोक. दोन्ही फटी एकसर जोडणीत आहेत, ही या रचनेची किल्ली होय. प्रवाह वाहायचा तर दोन्ही फटींतून वाहील, नाही तर एकीतूनही नाही.

प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह इलेक्ट्रॉनिक स्विच एकाएकी तोडतो. चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात काही दशसहस्र व्होल्टपर्यंत विभवांतर निर्माण होऊ शकते. येथवर सारे फॅराडेच्या नियमानुसार. खरा प्रश्न पुढचा आहे : हे विभवांतर दोन फटींमध्ये वाटले कसे जाते? ते निम्मे-निम्मे वाटले जात असावे असे प्रथमदर्शनी वाटते, आणि ‘अर्धी ऊर्जा वाया’ हा समज येथेच जन्मतो.

फट भेदली जाण्यास किती विभवांतर लागते, याचा नियम जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये प्रायोगिकरीत्या मांडला. वायूचा दाब आणि दोन अग्रांमधील अंतर यांच्या गुणाकारावर हे विभवांतर अवलंबून असते. तापमान बदलत असेल तर दाबाऐवजी घनता धरणे अधिक योग्य. वायू दाट असला की इलेक्ट्रॉनला रेणूंवर आदळण्याआधी वेग घेण्यास वाव मिळत नाही. आयनीभवनासाठी अधिक प्रबळ विद्युतक्षेत्र लागते. वायू विरळ असला की तेच काम थोडक्यात भागते.

हा नियम आपल्या जोडीला लावून पाहू. संपीडनाच्या अखेरीस सिलिंडरमध्ये दाब साधारण १० बार आणि तापमान ६२५ केल्विन धरले, तर वायूची घनता खोलीतील हवेच्या जवळजवळ पावणेपाचपट होते. निष्कासनाच्या अखेरीस दाब सुमारे १ बार आणि तापमान ९५० केल्विन धरले, तर घनता खोलीतील हवेच्या एकतृतीयांशाच्याही किंचित खाली उतरते. दोहोंत पंधरापटीचे अंतर पडले. एक मिलिमीटरच्या आसपास फट असलेल्या प्लगला पहिल्या स्थितीत १० ते १५ किलोव्होल्ट लागतात, तर दुसऱ्या स्थितीत दोन किलोव्होल्टच्या आतबाहेर भागते.

घटनाक्रम त्यामुळे असा घडतो. कॉइलच्या दोन्ही टोकांचे विभव विरुद्ध दिशांनी वाढू लागते. निष्कासनातील फट प्रथम, अगदी अल्प विभवांतराला भेदली जाते. ती भेदली जाताच कॉइलचे ते टोक इंजिनाच्या सांगाड्याशी जवळपास जोडल्यासारखे होते आणि यापुढे वाढणारे सर्व विभवांतर दुसऱ्या, संपीडनातील फटीवर येते. ही फट भेदली गेली की मुख्य ठिणगी पडते. संपीडनात कोण आहे हे नियंत्रकाला ठाऊक नव्हते, कॉइललाही ठाऊक नव्हते. परंतु उत्तर इंजिनात होतेच. ते दोन सिलिंडरांतील वायूच्या घनतेत लिहिलेले होते. कोणी न विचारता भौतिकशास्त्राने ते वाचले आणि विभवांतर हवे तेथे नेऊन ठेवले. पुढच्या आवर्तनात भूमिका उलटल्या की वाटणीही आपोआप उलटते. व्यर्थ ठिणगीचे सारे मर्म एवढेच आहे.

अपव्ययाचा हिशेब

फट भेदण्यास लागणारे विभवांतर निष्कासनातील प्लगमध्ये अत्यल्प असते, म्हणून तेथे खर्च होणारी ऊर्जाही नगण्य असते, असे अनेक पुस्तकांत एका वाक्यात सांगून विषय संपविलेला आढळतो. हे विधान पूर्णतः अचूक नाही. फट भेदली जाणे हा ठिणगीच्या आयुष्यातील केवळ पहिला क्षण होय. त्यानंतर सुमारे एक-दीड मिलिसेकंद फटीतून दीप्तिमान विसर्ग चालू राहतो आणि कॉइलमधील बहुतांश ऊर्जा या काळात बाहेर पडते. या अवस्थेत फटीवरील विभवांतर काही शे व्होल्टपर्यंत खाली आलेले असते. त्यातील मोठा वाटा ऋणाग्राजवळच खर्ची पडत असल्याने दोन प्लगांमधील फरक आता पूर्वीइतका तीव्र राहत नाही. एकसर जोडणीमुळे प्रवाह दोहोंत समान असतो. म्हणून ऊर्जेची वाटणी विभवांतराच्या प्रमाणात होते.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. प्राथमिक वेटोळ्याचे प्रवर्तकत्व ३ मिलिहेन्री आणि तोडतेवेळी प्रवाह ७ अँपिअर असेल, तर साठविलेली ऊर्जा ७३.५ मिलिज्यूल होते. कॉइल व केबलमधील हानी वजा जाता दोन्ही फटींपर्यंत मिळून ४० मिलिज्यूल पोहोचले असे मानू. विसर्गकाळात संपीडनातील फटीवर ९०० आणि निष्कासनातील फटीवर ४५० व्होल्ट गृहीत धरले, तर व्यर्थ ठिणगीच्या वाट्याला एकतृतीयांश, म्हणजे सुमारे १३ मिलिज्यूल येतात. नगण्य म्हणावे असा हा वाटा नाही, आणि अर्धाही नाही.

परंतु इंजिनाच्या तुलनेत तो किती? मिनिटाला ३,००० आवर्तने असताना दोन कॉइल मिळून सेकंदाला १०० वेळा कार्यान्वित होतात. १३ मिलिज्यूल गुणिले १०० म्हणजे १.३ वॅट. त्याच वेळी इंजिन १५ किलोवॅट शक्ती देत असेल तर हा भाग अकरा हजारांत एक इतका पडतो. हेडलाइटचा साधा हॅलोजन दिवा ५५ वॅट घेतो. इंधनखर्चाच्या दृष्टीने व्यर्थ ठिणगीची चिंता वाहणाऱ्याने आधी दिवसा चालू राहिलेला दिवा बंद करावा.

याउलट मिळकत पाहिली तर ती ठोस आहे. डिस्ट्रिब्युटर संपूर्णपणे जातो. त्याच्यासोबत फिरता हात, टोपी आणि तेथील ओलीचा प्रश्नही जातो. कॉइल दोन झाल्याने प्रत्येकीला दर आवर्तनास एकदाच काम पडते आणि ६,००० आवर्तनांच्या वेगातही पुन्हा भरण्यास ५ ऐवजी १० मिलिसेकंद मिळतात.

खरी किंमत कोठे पडते

ऊर्जेत न दिसणारी किंमत प्लगमध्ये दिसते. दर आवर्तनास ठिणगी पडत असल्याने प्रत्येक प्लगमधील ठिणग्यांची संख्या दुप्पट होते. गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटर आणि मिनिटाला २,००० आवर्तने या गतीने २०,००० किलोमीटर धावली, तर ५०० तासांत प्रत्येक प्लगमध्ये ६ कोटी ठिणग्या पडतात. डिस्ट्रिब्युटर असता तर ३ कोटी पडल्या असत्या.

यापेक्षा सूक्ष्म मुद्दा ध्रुवतेचा आहे. परिपथ एकसर असल्यामुळे प्रवाह एका प्लगमध्ये मध्यवर्ती अग्राकडून बाजूच्या अग्राकडे, तर दुसऱ्यात बाजूच्या अग्राकडून मध्यवर्ती अग्राकडे वाहतो. वेटोळ्याची दिशा कारखान्यातच ठरत असल्याने ही व्यवस्था कायमची असते : जोडीतील एका प्लगचे मध्यवर्ती अग्र सदैव ऋण, दुसऱ्याचे सदैव धन. मध्यवर्ती अग्र चिनी मातीच्या आवरणात बसविलेले असल्याने ते अधिक तापते आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सुलभतेने बाहेर पडतात. ते ऋण असेल तर फट कमी विभवांतरात भेदली जाते. ते धन असेल तर इलेक्ट्रॉन तुलनेने थंड असलेल्या बाजूच्या अग्रातून ओढून काढावे लागतात आणि विभवांतर अधिक लागते. जुन्या एककॉइली प्रणालीत सर्वच प्लग सोयीच्या ध्रुवतेवर ठेवता येत असत. येथे निम्मे प्लग गैरसोयीच्या बाजूस राहणार हे अटळ आहे, म्हणून कॉइलची क्षमता त्या हिशेबाने वाढवून ठेवावी लागते.

झीजही त्यानुसार विषम होते. एका प्लगचे मध्यवर्ती अग्र अधिक खंगते, तर जोडीदाराचे बाजूचे अग्र. केवळ मध्यवर्ती अग्रावर प्लॅटिनम असलेला प्लग अशा इंजिनात घातला तर निम्म्या सिलिंडरांत महागडा धातू चुकीच्या ठिकाणी पडतो. यास्तव दोन्ही अग्रांवर प्लॅटिनम असलेले प्लग या प्रणालीसाठी योग्य ठरतात. वापरलेले प्लग कोणत्या सिलिंडरमधून काढले हे न पाहता अदलाबदल करून बसविण्याची सवयही म्हणूनच टाळावी.

एकसर जोडणीचे आणखी एक फळ निदानाच्या वेळी भोगावे लागते आणि ते प्रस्तुत लेखकाने स्वतः भोगले आहे. जुनी, हातबदल होऊन आलेली गाडी सपाट रस्त्यावर उत्तम चाले. खंबाटकी घाट चढू लागली की मात्र ‘मिसिंग’ मारी. गॅरेजमध्ये पहिल्या व चौथ्या सिलिंडरचे प्लग बदलले, नंतर कॉइल बदलली, खर्च झाला आणि घाटात गाडी तशीच. अखेर दोष सापडला तो चौथ्या प्लगच्या केबलमध्ये. बाहेरून धड दिसणाऱ्या त्या केबलचा गाभा आत तुटला होता. तुटलेला गाभा म्हणजे परिपथातील तिसरी फट. सपाटीवर सिलिंडरमधील दाब कमी असल्याने कॉइल तिन्ही फटी कशाबशा ओलांडी. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की संपीडनातील घनता वाढे, लागणारे विभवांतर वाढे आणि ठिणगी पडेनाशी होई. ती चौथ्यात तर पडत नसेच, निर्दोष असलेल्या पहिल्यातही पडत नसे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला एकसर जोडणीत एक दिवा काढला की दुसरा का विझतो, हे आपण दरवर्षी शिकवितो. तेच तत्त्व गाडीच्या बॉनेटखाली ओळखण्यास प्रस्तुत लेखकाला दोन महिने लागले.

याच कारणास्तव चालू इंजिनात एका प्लगची केबल उपसून ‘करंट’ तपासण्याची जुनी रीत या प्रणालीत धोक्याची आहे. परिपथ उघडा पडला की कॉइलमधील विभवांतराला वाट उरत नाही. ते वेटोळ्याचे आवरण भेदून कॉइल निकामी करू शकते. उपसलेले टोक सांगाड्याला जोडूनच अशी चाचणी घ्यावी. केबलला चिमटा लावून आवर्तने मोजणारे उपकरणही येथे प्रत्यक्षाच्या दुप्पट आकडा दाखविते, हे प्रात्यक्षिक घेणाऱ्या सहकाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

कोणत्या इंजिनांना ही प्रणाली साधते

जोडीतील दट्ट्ये एकाच वेळी माथ्यावर येणे आणि त्यांच्या चक्रांत एका आवर्तनाचे अंतर असणे, ही पूर्वअट आहे. समोरासमोर दोन सिलिंडर असलेल्या इंजिनात ती सहज पुरी होते. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने ऑक्टोबर १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या ‘टू सी व्ही’ या लोकप्रिय गाडीत ३७५ घनसेंटिमीटरचे असेच इंजिन होते. तिला डिस्ट्रिब्युटर नव्हता. दोन टोकांची एकच कॉइल दर आवर्तनास दोन्ही प्लगांत ठिणगी पाडी. ग्रामीण शेतकऱ्याला परवडावी आणि त्याला स्वतःला दुरुस्त करता यावी, या हेतूने आखलेल्या गाडीत एक अख्खा नाजूक भाग अशा रीतीने वगळला गेला. माहितीचे मोजमाप बिटमध्ये करणारा क्लॉड शॅनन यांचा सुप्रसिद्ध प्रबंध त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झाला, हा निव्वळ योगायोग. पण अध्यापकाला वर्गात सांगण्यासारखा.

व्ही रचनेच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनांतही तीन जोड्या जमतात. अमेरिकेतील ब्यूक कंपनीच्या ३.८ लिटर टर्बो इंजिनात १९८४ मध्ये संगणकनियंत्रित, डिस्ट्रिब्युटरविरहित अशी प्रणाली आली. त्यात तीन कॉइल होत्या. पुढील दशकात अनेक उत्पादकांनी हा मार्ग धरला. तीन सिलिंडरांच्या इंजिनांत मात्र क्रँक एकमेकांशी १२० अंशांवर असल्याने कोणतेही दोन दट्ट्ये एकत्र माथ्यावर येत नाहीत. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेल्या मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरांचे होते. जोडीने कॉइल वाटून घेण्याचा हा मार्ग तेथे बंदच होता.

एकच सिलिंडर असेल तर जोडीचा प्रश्न नाही, पण व्यर्थ ठिणगी असू शकते. बजाज चेतकसारख्या टू स्ट्रोक स्कूटरमध्ये दर आवर्तनास ठिणगी लागतेच, त्यामुळे फ्लायव्हीलवरून संकेत घेणारी सोपी यंत्रणा पुरेशी होते. हीच यंत्रणा फोर स्ट्रोक मोटारसायकलीला लावली की दर दुसरी ठिणगी निष्कासनात पडते. रस्त्यावर धावणाऱ्या कार्ब्युरेटरच्या असंख्य फोर स्ट्रोक दुचाकी अशाच चालत आल्या आहेत आणि त्यांच्या मालकांना त्याची गंधवार्ताही नसते.

बिटची मागणी पुन्हा का उद्भवली

ठिणगीपुरता हरवलेल्या बिटचा प्रश्न सुटला, पण इंधनाच्या बाबतीत तो तसाच राहिला. प्रत्येक सिलिंडरच्या चूषणाची वेळ साधून इंधन फवारायचे तर इंजिन कोणत्या आवर्तनात आहे हे कळलेच पाहिजे. बहुतेकांनी यासाठी कॅमशाफ्टवर वेगळा संवेदक बसविला. काहींनी मात्र अधिक चतुराईचा मार्ग काढला. संपीडनातील व निष्कासनातील फटींना लागणारे विभवांतर वेगळे असते, तर कॉइलच्या दोन टोकांवरील विभवांची तुलना करून कोणता सिलिंडर संपीडनात आहे ते का ओळखू नये? डेल्फाय कंपनीची या तत्त्वावर चालणारी प्रणाली जनरल मोटर्सच्या २.२ लिटर ईकोटेक इंजिनात वापरली गेली आणि तेथे कॅमशाफ्टच्या संवेदकाची गरज उरली नाही. ज्या ठिणगीला व्यर्थ म्हटले तीच येथे साक्षीदार झाली. इंधन फवारणाऱ्या एकसिलिंडरी दुचाकींत याच्याच जवळचा उपाय आढळतो : चूषणाच्या आवर्तनात प्रवेशनलिकेतील दाब उतरतो, निष्कासनाच्या वेळी तो उतरत नाही, आणि या फरकावरून नियंत्रक आवर्तन ओळखतो.

कॅमशाफ्टचा संवेदक एकदा सर्वत्र आला, झडपांच्या वेळा बदलणाऱ्या यंत्रणांसाठी तो अपरिहार्यही झाला, तेव्हा बिट फुकटात उपलब्ध झाला. मग प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसविणे श्रेयस्कर ठरले : ध्रुवता सर्वत्र सोयीची, केबल नाहीत आणि भरण्यास २० मिलिसेकंद. असे असूनही व्यर्थ ठिणगी अशा इंजिनांतून पुरती हद्दपार झालेली नाही. स्टार्टर फिरू लागल्यावर कॅमशाफ्टचा संकेत जुळेपर्यंतच्या क्षणांत किंवा तो संवेदक बिघडल्यावर अनेक नियंत्रक स्वतंत्र कॉइल असूनही दोन-दोन सिलिंडरांत एकदम ठिणगी पाडतात. माहिती नसली की जुन्या युक्तीकडे वळायचे, हा त्यामागील विचार.

पेट्रोलच्या इंजिनात हे चालते, कारण निष्कासनाच्या अखेरीस प्लगभोवती जळका वायूच असतो. हायड्रोजनच्या इंजिनात मात्र हीच ठिणगी संकट ठरते. पेट्रोल व हवेचे मिश्रण पेटण्यास किमान ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा लागते. हायड्रोजन व हवेच्या मिश्रणास ०.०२ मिलिज्यूल पुरतात. निष्कासनाची झडप मिटण्यापूर्वीच चूषणाची झडप उघडू लागते आणि प्रवेशनलिकेतून ताजे मिश्रण शिरण्यास आरंभ होतो. त्या सुमारास पडलेली १३ मिलिज्यूलची ‘व्यर्थ’ ठिणगी गरजेच्या सहाशेपटींहून अधिक असते. ज्योत उघड्या झडपेतून उलट प्रवेशनलिकेत शिरते. म्हणूनच हायड्रोजन इंजिनांसाठी ही प्रणाली वर्ज्य मानली जाते. एवढेच नव्हे, तर कॉइलमध्ये उरलेल्या ऊर्जेमुळे अवेळी दुसरी ठिणगी पडू नये यासाठीही निराळी काळजी घ्यावी लागते. मार्च २०२५ मध्ये टाटा मोटर्सच्या हायड्रोजनवरील अवजड ट्रकांच्या चाचण्यांना आपल्या देशात आरंभ झाला. त्यांत इंधनघटावर चालणाऱ्या वाहनांसोबत हायड्रोजन थेट जाळणाऱ्या अंतर्ज्वलन इंजिनांची वाहनेही आहेत, आणि चाचणीच्या मार्गांत मुंबई-पुणे परिसराचा समावेश आहे. अशा इंजिनाला ‘पहिले आवर्तन की दुसरे?’ या प्रश्नाचे उत्तर पहिली ठिणगी पडण्यापूर्वीच मिळालेले असावे लागते.